मतलई

तळ्याचं एक बरं होतं,
पाणी जिथे सोडून जावं तिथेच सापडायचं.
ओव्हेर्न्यच्या डोंगरांत, विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी
जेवणाच्या सुट्टीत फळी पाण्यात टाकायची,
शीड उभं करायचं, तीन फेऱ्या,
आणि दोनच्या ठोक्याला परत
लोकांच्या कवळ्या घासायला कामावर, ओल्या केसांनी.
वारा यायचा पाहुण्यासारखा,
आधी कळवून.

इथे ब्रिटनीत येऊन सात आठवडे झाले.
कवळ्या त्याच. दातांना समुद्र कळत नाही.
गाडीच्या पाटीवर अजून त्रेसष्ट,
आमच्या जिल्ह्याचा आकडा.
पेट्रोल पंपावरचा पोरगा आधी आकडा वाचतो,
मग टपावरची फळी,
मग माझ्याकडे बघतो आणि सुट्टे पैसे देतो.

शिडाला जागा कुठे, विचारलं
तर लोक हनुवटीने दाखवतात.
त्या सगळ्या हनुवट्या जोडल्या तर वर्तुळ होतं.
गिल्दास म्हणाला, वारा? वारा तर सगळीकडे आहे,
आणि तोच ग्लास पुन्हा पुसायला घेतला.

एका रविवारी चाळीस मैल गाडी हाकून पोचले
तर समुद्र घरी नव्हता.
ओली वाळू, पार क्षितिजापर्यंत,
आणि कुशीवर कलंडलेली एक होडी
जिच्या सावलीत कुत्रं झोपलेलं.
त्या दिवशी भरतीचं कोष्टक विकत घेतलं.
तंबाखूच्या दुकानात मिळतं, तळहाताएवढं.

मग ती खाडी.
काठाशी पाणी इस्त्री केल्यासारखं,
पाठीवर छान भरीव वारा.
मला वाटलं, हे घ्या, माझं तळं आलं मागोमाग.

मतलई होता तो.
जमिनीवरून निघून थेट अमेरिकेला जाणारा.
पाठीवर हात ठेवून कुणी दाराबाहेर नेतं ना,
गोड बोलत,
तसा.

शीड गुंडाळून, फळीवर पालथी पडून
दीड तास हातांनी पाणी ओढलं.
काठावर एक म्हातारी शेवाळ गोळा करत होती.
तिने आरडाओरडा केला नाही.
दंताळ्यावर हनुवटी टेकून बघत राहिली
माझे गुडघे वाळूला लागेपर्यंत.

“तळ्याची ना तू?”
“पाटी वाचलीत?”
“नाही गं. तू पाण्याकडे बघत होतीस.
आम्ही दोरीकडे बघतो.”
वर तिच्या अंगणात कपडे वाळत होते.
झग्याच्या दोन्ही बाह्या समुद्राकडे ताणलेल्या.
“सकाळपासून जा म्हणतोय तो,” सोआझिग म्हणाली,
“आणि तू गेलीस.”

तेव्हापासून मी लोकांची धुणी बघत गाडी चालवते.
चोरासारखी, दुसऱ्या गिअरमध्ये.
एका बाईने खिडकीचा पडदा ओढला.
एकाने विचारलं, घर घ्यायचंय का?
पायजमे खोटं बोलतात, भिंतीच्या आडोशाला असतात.
चादरीवर विश्वास ठेवावा.

अशीच एक चादर, पिवळी,
आर्टिचोकच्या शेतापलीकडे, चर्चच्या मागे,
किनाऱ्याला समांतर फडफडत होती.
खाली उतरले. नकाशात त्या जागेला नाव नाही.
भरतीआधी दोन तास, नंतर एक.
बाकी वेळ चिखल आणि बगळे.

त्या दिवशी शीड असं भरलं
की दात मोजायचं विसरले,
म्हणजे दिवस. दिवस मोजायचं.

बूट मात्र वाळूवर सोडले होते,
तळ्याच्या सवयीने.
परतले तर एकच, तोही तरंगायच्या बेतात.

चार दिवसांनी दुसरा दिसला
सोआझिगच्या कुंपणाला, नाडीने टांगलेला,
निळा, डाव्या पायाचा, कॅनव्हासचा.
मी मागितला नाही.
तिनेही विषय काढला नाही.
कामावर जाताना तिथे गाडी हळू करते
आणि टोक कुठे आहे ते बघते.

आज माझ्याकडे टाच आहे.
कवळ्या घासाव्यात.