चार पॅड

दोनशे तीन किलोमीटर.
पहाटे साडेतीनला घरकुलातून निघाले,
उमरग्याला चहा घेतला तेव्हा ऊन नुकतं तापत होतं,
आणि परतताना नळदुर्गच्या चढाला
डाव्या पोटरीनं मला नाव घेऊन हाक मारली.
थांबले नाही. थांबले असते
तर ती तिथंच बसली असती, पोर रुसून बसतं तशी.

घरी आले. जर्सीवर मिठाचे नकाशे.
उंबरा ओलांडायला
पाय हातानं उचलावा लागला.

आता पलंगावर.
मांडीवर कडक भाकरीचं ताट, शेंगाचटणी, दही,
आणि त्याच मांडीच्या खाली वायर.
दोन पॅड पोटरीला, दोन गुडघ्याच्या वर.
यंत्र हाताच्या पंजाएवढं,
त्याचे तीन हप्ते अजून जायचेत.

आधी मुंग्या.
मग कुणीतरी आतून दार वाजवतं,
ठक
ठक
थोडं थांबून, ठक.
पोटरी उडते. मी नाही उडवलेली.
दिवसभर मी पायाला सांगत होते, चल, अजून एक गाव,
आता दुसरंच कुणी सांगतंय
आणि मी चटणी बोटानं पुसत बघतेय,
कारखाना माझा, पाळी कुणा दुसऱ्याची.

फरक पडतो का?
बसवराज म्हणतो, झोप आणि लिंबूपाणी,
बाकी सगळं मनाचं.
असेल. पण उद्या पहिली घंटा साडेसातला,
सातवी ब ला अपूर्णांक उभं राहून शिकवायचेत,
आणि मनाचं तर मनाचं,
मनही दोनशे तीन किलोमीटर आलेलं आहे.

अम्मा दारातून बघत होती.
"काय करायलीस गं? करंट घेऊन कुणी बरं होतंय का?"
तिच्या लेखी करंट म्हणजे
मागाच्या मोटारीला चिकटलेला नान्नांचा हात,
शेजारच्यानं लाकडी फळीनं सोडवलेला.
मी म्हटलं, बारका करंट आहे, बॅटरीवरचा.
ती जवळ आली. पोटरीवर तळवा ठेवला.
पोटरी उडाली. अम्मा हसली,
"पोटातलं लेकरू लाथ मारतंय तसं."

मग थोडा वेळ गप्प.
मग उजवा हात पुढं.
"इथं लाव की."

अम्मा, म्हणजे नरसूबाई मेरगू,
विडीच्या कार्डाचा नंबर अजून पाठ.
चाळीस वर्षं रोज हजार.
पान भिजवायचं, फरम्यानं कापायचं, चिमूट तंबाखू,
वळून दोरा. पंचवीसचा कट्टा.
संध्याकाळी कारखान्यात चेकर छाट काढायचा
आणि छाटीचे पैसे नाहीत.
आता अंगठा सकाळी उघडत नाही,
दुधाची पिशवी मी फोडून देते.

मनगटाच्या वर, आतल्या अंगाला पॅड लावले.
यंत्र एकावर. दोनावर. विचारलं, दुखतंय?
"वाढव."
तिसऱ्यावर बोटं हलली.
करंगळीजवळचं आधी, मग बाकीची,
आत, आत, थोडी थांबून सैल,
परत आत.
सगळ्यात शेवटी अंगठा येऊन टेकला.

आम्ही दोघी बघत राहिलो.
हातात पान नव्हतं. सूप नव्हतं.
हात वळत होता.

"ह्याला कुणी शिकवलं?" अम्मानं विचारलं,
आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं.
थोड्या वेळानं, अगदी व्यवहारी आवाजात:
"तासाला किती वळतंय?"
मी हिशेब केला. सांगितला.
"हळू हाय," ती म्हणाली. "छाट निघंल सगळी."

वीस मिनिटांनी यंत्रानं शिट्टी दिली.
अंगठा थोडा उघडला होता की नव्हता,
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
माझी पोटरीही
अजून दगडच होती, पण कोमट दगड.

पॅड तिनंच काढले.
प्लॅस्टिकच्या कागदावर
काठाला काठ जुळवून एकेक चिकटवला,
वर अंगठ्यानं दाबून:
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू.

"कट्ट्याला एकवीस कमी,"
म्हणाली,
आणि लाईट बंद केली.