कारण क्रमांक तीन

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर
तांब्याच्या जाळीनं मढवलेली एक खोली आहे.
दार लावलं की जग आत येत नाही.
बाहेर मे महिना, सेहेचाळीस,
डांबर चप्पल धरून ठेवतं;
आत एकवीस, आणि मी शाल पांघरून
दहा हजार माणसांना फोन लावते.

ती माणसं नाहीत. आम्हीच बनवली,
एका फाइलमध्ये, ओळीला एक.
कुणी सीताबर्डीहून निघतो, ताशी साठच्या वेगानं,
जागचा न हलता,
आणि वाटेत मी त्याला एका टॉवरच्या हातून
दुसऱ्याच्या हाती देते.
सांडला तर लाल ओळ.

फोन फार गरीब स्वभावाचा.
मी आहे, म्हणतो.
टॉवर म्हणतो, कशावरून?
मग तो खूण पटवतो, गप्प बसतो,
आणि दर चोपन्न मिनिटांनी
कुणी विचारलं नसताना पुन्हा: मी आहे.
लॉगमध्ये हे इतकं वाचलंय
की घरी कुकरची शिट्टीसुद्धा मला हजेरी वाटते.

त्या गुरुवारी गिऱ्हाइकासाठी
आमच्या खोट्या टॉवरला खऱ्या कंपनीचा नंबर लावला होता.
दाराची रबरी पट्टी कोपऱ्यात फाटलेली,
बोटभरही नाही.
लांजेवार म्हणाला, चालते.

दहा छत्तीसला एक अनोळखी ओळ आली.
आमच्या दहा हजारांत नसलेलं कुणीतरी
म्हणत होतं, मी आहे.
टॉवरनं यादी चाळली.
नियमात होतं तेच उत्तर दिलं:
नाकारलं. कारण क्रमांक तीन. बेकायदा.
हे ऐकलं की फोनचा स्वतःच्या सिमवरचाच विश्वास उडतो,
बंद करून चालू करेपर्यंत
तो कुणाला हाक मारत नाही.
मी ओळ पिवळी केली आणि चहा प्यायले.

साडेअकराला बाहेरच्या स्टुलावरचा गार्ड टेकाम दारात.
"मॅडम, माह्या फोनले पाहा नं,
टॉवरच नाही येऊन राहिला."

बायको बुटीबोरीच्या सूतगिरणीत, दुसरी पाळी.
कंपनीची बस नाक्यावर सोडते,
पुढं दीड किलोमीटर अंधार.
घराची कडी लावली की ती मिस कॉल देते.
पावणेअकराला. एकच रिंग.
उचलायचा नाही.
सहा वर्षं हाच करार, आणि अजून
एक पैसा खर्च झालेला नाही.

मी फोन बंद केला, चालू केला.
दांड्या एकेक करून परत आल्या.
करार मोडून त्यानं लावला.
ती झोपेतून काहीतरी बोलली,
शिवीच असावी, कारण तो हसला
आणि त्यानं कपाळ पुसलं, एकवीस अंशांत.

रिपोर्टात लिहिलं: गळती. पट्टी बदलली.
त्या चोपन्न मिनिटांना रकाना नव्हता.

नंतर यादीच्या तळाशी मी एक टेस्ट घातली,
कुणाला न विचारता.
पाळी सुटल्यावर. एक रिंग. कट.
अपेक्षित निकाल: कुणीही उचलत नाही.
रोज रात्री चालते, रोज पास होते.

काल नापास झाली.
फाइलमधल्या कुणीतरी फोन उचलला होता.
लांजेवार म्हणतो, बग आहे.
असेल.