धामण

भवानी पेठेतल्या लाकूडबाजारात माझं दुकान.
बर्मा साग, मलेशियन साल, पेट्यांचं पाइन,
घनफुटावर, बिलावर आणि बिलाशिवाय.
बारक्या हिलम मुळशीकडून आला
तो यातलं काहीच मागायला नाही.
"धामण हाय का?"
माझ्या पोराने दचकून पाय वर घेतले.

साप नव्हे रे, झाड.
माझे वडील म्हणायचे, कुऱ्हाडीला दांडा धामणीचा.
तीस वर्षं लाकूड विकतोय,
हे नाव दरपत्रकात कधी आलं नाही.

मग पौड रस्ता रुंद करताना तोडलेल्या झाडांचा लिलाव.
भूगावच्या पुढे रचून ठेवलेली,
प्रत्येक बुंध्यावर पांढऱ्या रंगात आकडा.
बारक्या नखाने साल उकरत, हुंगत, थुंकत गेला
आणि एकशे बेचाळीसपाशी उकिडवा बसला.
"ही."
पावती माझ्या नावाची, फांदी त्याच्या खांद्यावर.

मी बँडसॉ सुरू केला, त्याने बटण बंद केलं.
करवत सरळ जाती, लाकूड न्हाई जात.
पाचर ठोकली. फांदी फाटत गेली,
गाठीपाशी हळूच बाजूला वळून,
दारात झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा तशी.
सालीचा आतला पदर त्याने वेगळा सोलून
पाण्यात बुडवला, कशाला ते सांगितलं नाही.

टोकांना शेण लिंपून माळ्यावर ठेवली.
दिवाळी झाली, संक्रांत झाली.
मी विचारायचो, वाळली का?
तो गालाला लावायचा, डोळे मिटायचा.
"थंड हाय अजून."

शिमग्यानंतर एकदा गाल लावला आणि काही बोललाच नाही,
कोयता काढला.
पाठीला हात लावायचा नाही.
सालीखालचा पहिला थर जसा आहे तसाच,
त्यावर ओरखडासुद्धा नको.
खायचं ते पोटाकडून.
(आम्ही फर्निचरवाले उलटे:
दर्शनी बाजू घासून चकचकीत,
आतल्या बाजूला काय असतं ते विचारू नका.)
कोयत्यानंतर फुटक्या बाटलीची काच.
भुसा नाही, केसासारखे पिवळे छिलके,
फरशीवर, चहात, माझ्या हिशेबाच्या वहीत.

लांबी किती, म्हणून मी टेप पुढे केला.
"हनुवटीपर्यंत," म्हणाला.
मग स्वतःची हनुवटी चाचपली, हसला.
"मी आखूड झालोय. तू उभा ऱ्हा."
मी उभा राहिलो. त्याने माझ्या मापाने खाच पाडली.

अरे, पण माझं काय काम? मी कधी चिमणीला खडा मारला नाही.
तो काच फिरवत राहिला.
"माझ्याकडं घावलं तर केस व्हतीय.
तुझ्याकडं घावलं तर शोभा."

मग बोलण्यासारखं फार उरलं नाही.
रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
बल्बपुढे तो धनुष्य वाकवायचा, भिंतीवर सावली बघायचा.
डावा हात ताठ. दोन ओढी काच.
आता उजवा. परत सावली.
एका रात्री सावली दोन्हीकडून सारखी झुकली
आणि आम्ही दोघंही उगाचच हळू बोलू लागलो.
करंजाचं तेल पाजलं. लाकूड मधासारखं झालं.

ते आता गल्ल्यामागे खिळ्यावर लटकतं, दोरीशिवाय.
गिऱ्हाइकं किंमत विचारतात.
एका बाईंना ते कोरेगाव पार्कातल्या दिवाणखान्यात
दोन मुखवट्यांच्या मधोमध हवं होतं.

दोरी बारक्याकडे. त्याच फांदीच्या सालीची,
मांडीवर वळलेली. घरी ती दावणीसारखी पडून असते,
कधी नातीचे फ्रॉक वाळतात तिच्यावर.
दोरीवर केस होत नाही.

रविवारी तो येतो, दोरी खिशात.
खाच शोधायला त्याला बघावं लागत नाही.
एकदाच ओढतो, कानापर्यंत.
बाण नसतो. म्हणून सोडत नाही,
तसंच सावकाश माघारी आणतो,
दोरी उतरवतो, गुंडाळतो, चहा घेतो.

बस आता पाऊण तासात पोचते, म्हणतो.
रस्ता चांगला झालाय.