कोरी भिंत

झिंदेरच्या वेशीबाहेर, दवाखान्याच्या भिंतीवर
पहिलं चित्र मी काढलं ते नियामेहून आलेल्या कागदाबरहुकूम:
रुंद छाती, खाली सोडलेला हात,
आणि हातभर अक्षरांत, खरा मर्द हात उगारत नाही.

विहिरी खणणारा इल्लियासू बराच वेळ बघत राहिला.
"छान आहे. हा कोण?"
कुणी नाही, असाच एक.
"तेच म्हणतो. हा मी नाही.
आणि हात उगारतो तो कुणी खोटा नाही, गड्या.
तो मी.
मग तुझ्या भिंतीवर मला जागा कुठं?"

चुना कालवला. पुसलं.

मग बैठक. कडुनिंबाखाली, शुक्रवारची नमाज उरकल्यावर
अठरा नवरे, एक चहाची किटली.
शहरातल्या बाईंनी आकडे आणले होते; आकड्यांवर माशा बसल्या.
तेव्हा सानूसी, जो कधी बोलत नाही,
नखानं माती उकरत म्हणाला,
"तिसऱ्या खेपेला तिला इथं आणायला माझा होकार हवा होता.
मी बाजारात होतो. कांद्याचा भाव करत होतो."
पुढे बोलला नाही.
किटलीला कुणी हात लावला नाही.

मग फोटोवाला आला.
त्याला हवा होता बादली उचललेला पुरुष.
इल्लियासूनं उचलली. टाळ्या पडल्या.
मागे त्याची हाजारा, एक घागर डोक्यावर, एक कमरेवर.
"बाई, जरा बाजूला."
झाली बाजूला. जाता जाता म्हणाली,
"सोळा वर्षं वाहतेय. तेव्हा टाळ्या कुठं गहाण पडल्या होत्या?"
आम्ही हसलो.
हसू घशातच बसलं.

भिंत अजून कोरीच आहे.
नियामेहून विचारणा येते, चित्राचं काय झालं?
काय कळवू?

परवा फटफटायच्या आत कप्पी करकरली
म्हणून कंदील घेऊन गेलो.
इल्लियासू.
मला बघून ओशाळला, बादली खाली ठेवली,
मग पुन्हा उचलली.
"कुणाला सांगू नकोस."

सांगण्याचाच पगार घेतो मी.

घरी आलो तर माझा रांजण काठोकाठ भरलेला,
आणि बिल्कीसूची ओली पावलं
उंबऱ्यापर्यंत उमटलेली.