नवतप्यातली लादी

पहाटे पावणेचार. आधी कुलरच्या टाकीत हात घालून बघते.
पाणी कोमट. म्हणजे रात्र निवलीच नाही.
पट्ट्यांच्या कड्या वाजल्या की
पलीकडच्या गच्चीवरून कुबडेबाई खाटेवरूनच विचारतात,
"निघाली का वं सर्कस?"
निघाली, बाप्पा.

चौघं जुंपायला, दोघं नुसते सोबतीला.
साज घरीच शिवलेला, शाळेच्या दप्तरांचे पट्टे,
आत सतरंजीची घडी.
काचते का ते कळावं म्हणून
आधी स्वतःच्याच खांद्यावर घालून बघितली होती.
घसरगाडी कुठली, भाजीची हातगाडी आहे,
सायकलची चाकं लावलेली, ब्रेक डाव्या हाताला.

धुरेला मैना. एक डोळा निळा,
एक शेंगदाण्याच्या टरफलासारखा.
मनीषनगरात सातव्या मजल्यावर राहायची,
कुणाच्या तरी पोराच्या वाढदिवसाची भेट.
मागे ढोल्या, मग पिंजारी आणि तिचा भाऊ.
कागदांवर यांची नावं रशियन आहेत.
मला ती हाकता येत नाहीत.
माझा बाप शंकरपटात जोडी हाकायचा,
त्याच्याकडून आलेलं तेवढंच येतं:
"हो रे" म्हटलं की सुटतात,
"थिर्र" म्हटलं की
थांबतात. बहुतेक वेळा.

डॉक्टर निनावे म्हणतात, उन्हाळ्यात नका जुंपू.
नाही जुंपलं एक आठवडा.
मैनेनं दाराची चौकट खाल्ली.
मग तोड निघाली: हिवाळ्यात कळमन्यापर्यंत,
नवतप्यात फक्त नाक्यावरच्या बर्फ डेपोपर्यंत,
आणि परतताना दांडीत मीही.

डेपोवर सलामतभाई भुसा झटकतो.
"बाई, दीड लादी घ्या. दुपारी लाइन जानार."
त्याला आमच्याहून आधी कळतं.
लादी बारदानात, बारदान गाडीत,
आणि खसाळ्याच्या रस्त्यावर
आमच्यामागे एक ओली रेघ.
गावातली कुत्री ती रेघ चाटत येतात,
भुंकत नाहीत, एवढा एकच रस्ता भुंकत नाहीत.
डेपोतून निघताना लादी माझ्या कमरेएवढी,
घरी पोचते तेव्हा गुडघ्याच्या जरा वर.

मग दिवसभर काय, खरकटी भांडी आणि केस.
कुलरच्या गवतात केस, कणकेत केस.
बुलबुलानं यंदा घरटं नुसत्या ढोल्याच्या केसांचं बांधलंय,
पिल्लं उकडून मरतील असं वाटलं होतं,
उडाली.
कोंबडीचे पाय शिजवायचे, ताक पातळ करायचं,
पंजे उलटे करून बघायचे,
वीजबिलाकडे बघायचं नाही.

दोन वाजता सेहेचाळीस. लाइन गेली.
पत्र्याखाली ओली पोती, वाळ्याची ताटी,
आणि मी पुठ्ठ्यानं वारा घालत श्वास मोजत.
मैना हनुवटी लादीवर टेकते, हलत नाही.
उठते तेव्हा बर्फात तिच्या हनुवटीचा खळगा असतो,
अगदी बेताचा, जणू तिथं बशी ठेवायची आहे.

लोक विचारतात, यांना मनालीला का नाही पाठवत?
विचारलं मी. पार्सल ऑफिसात रांगेत उभी राहून विचारलं.
एका जनावराचं भाडं कळलं, पेटीचं माप कळलं.
उतरवून घेणारं कोण, ते लिहायची जागा
फॉर्मवर रिकामी राहिली.

मागच्या मंगळवारी भुरकी गेली.
तीन चाळीसला. लादी होती, पंखा होता, मी होते.
तिचा साज खुंटीवर आहे.
धुवून ठेवलाय, उसवला नाही.

संध्याकाळी कुबडेबाई भिंतीवरून पातेलं सरकवतात,
"ताक उरलं होतं. तुह्यासाठी नाही, त्या धुरेवालीसाठी."
कोळशाची मालगाडी लांबून शिटी देते,
सहाही जण माना वर करून तिला उत्तर देतात,
गच्चीवर कुणाचं तरी पोरगं त्यांची नक्कल करतं.

आणि फोन. साडेनऊला, नवतपा लागला की हटकून येतोच.
तरणा आवाज, जरा ओशाळलेला.
हस्की आहे, ताई. दोन वर्षांचा. अगदी शांत.
आमच्याकडे एसी एकच आहे, आणि आई...
कधी आणून देऊ?

शिवी तोंडात येते, बापाचीच, बैलांसाठीची.
खुंटीकडे बघते.
"छातीचं माप घ्या," मी म्हणते,
"पुढच्या पायांच्या मागून, दोरीनं.
घट्ट ओढू नका.
मी थांबते फोनवर."