दोन पाटे कमी

ट्रेलर जुनाच. त्यानं वाहिलेली
लोखंडी बोट, इंजिन, ओली जाळी,
आणि हट्टानं आतच बसून राहणारे
रायमोचे तीन भाऊ.

आता वर पाइनची होडी,
दोघांनी उचलावी इतकी.
साइमाकाठच्या खडीवर
तव्यातल्या लाहीसारखी उडते.
कमान वाकत नाही;
वाकायला वजन लागतं.

इर्मेली सायकलवरून मागोमाग.
म्हणाली, "चाकं हवेतच जास्त."

मग जॅक, गंजलेले बोल्ट,
तेल, दोन शिव्या.
चारातले दोन पाटे काढले,
टायरची थोडी हवा सोडली.

पुन्हा तोच रस्ता.
होडीत ठेवलेली कॉफी
अर्धी सांडली.
अर्धी राहिली की.

काढलेले पाटे पुसून, ग्रीस लावून
त्यानं फळीखाली ठेवले.
भाऊ येत नाहीत.
तरी.