गळती कशी ओळखाल

रात्री अकराला पहिलं रीडिंग घेतो.
चेंबर एक, चार अंश. चेंबर दोन, चार पूर्णांक दोन.
तिसऱ्याचा काटा जरा लाजाळू,
काचेवर टिचकी मारल्याशिवाय खरं बोलत नाही.
आत तासगावचा बेदाणा झोपलाय, पेट्यांवर पेट्या,
त्याला कसली परीक्षा नाही.
रजिस्टरात पेन्सिलनं लिहितो, सही करतो,
मग स्टुलावर बसून मोबाईल काढतो.

'पुन्हा स्वागत आहे, भूपाल.
तुम्ही इथे थांबला होता.'

हे एक बरं आहे.
आयटीआय सोडून एकवीस वर्षं झाली,
तिथं कुणी अशी खूण घालून ठेवली नव्हती.

डाव्या हाताला यादी. नऊ मॉड्यूल,
मॉड्यूलच्या पोटात धडे, धड्याच्या पोटात चाचणी.
झालेल्यावर हिरवी खूण,
न झालेल्यावर एवढंसं करडं कुलूप.
माझ्या कमरेला अकरा किल्ल्या आहेत.
एकही तिकडं लागत नाही.

विम्याच्या साहेबांनी मालकांना विचारलं होतं,
ऑपरेटरकडं सर्टिफिकेट आहे का?
मालकांनी माझ्याकडं बघितलं,
मी कंप्रेसरकडं.
त्याच आठवड्यात फी भरली गेली,
पासवर्ड मालकांच्या मुलीनं घातला.
मला तो पाठ आहे, अर्थ माहीत नाही.

दुसरं मॉड्यूल, कंप्रेसरची ओळख, अडतीस मिनिटं.
ज्याच्या पोटात मी कोपरापर्यंत हात घातलाय
त्याची ओळख.
पुढं सरकवायला गेलं की पट्टी मागं येते,
जे येतं तेही ओलांडू देत नाहीत.
कोटातले सर म्हणतात, 'आता तुमच्या मनात प्रश्न आला असेल.'
आला नव्हता.
तरी मान हलवली. रात्री एकटाच होतो, कुणाला दाखवायची होती कोण जाणे.

पण तिसऱ्यातला पाचवा धडा.
कॉइलवर बर्फ साचला की त्याची गोधडी होते,
थंडी आतल्या आत अडकते, मशीन दमतं.
म्हणजे थंडीला थंडीच अडवते!
बारा वर्षं मी तो बर्फ खरवडत आलो,
खरवडायचा म्हणून.
मागचा बाण दाबून तीनदा ऐकलं.
मग उठून चेंबर दोनमध्ये गेलो
आणि कॉइलसमोर जरा वेळ नुसता उभा राहिलो,
सोयऱ्याचं खरं नाव उशिरा कळावं तसा.

आज चौथं. गळती.
प्रश्न सहावा: अमोनियाची गळती सर्वप्रथम कशी ओळखाल?
अ, सेन्सरचा इशारा. ब, लिटमस कागद.
क, गंधकाची कांडी. ड, वरीलपैकी नाही.

कलगोंडा अण्णांनी मला हे काम शिकवलं तेव्हा
मॉड्यूल नव्हतं. अण्णा बिडी विझवून एवढंच म्हणाले,
नाकावर भरवसा ठेवू नको, नाक सवयीचं गुलाम.
प्लँटरूमच्या दारात कुत्रं झोपतंय का बघ.
उठून गेटाकडं गेलं,
की तूही जा, आणि जाताना व्हॉल्व्ह फिरव.

हे कुठल्याच पर्यायात बसत नाही.
'ड'वर बोट नेलं. काढलं.
मालकांची फी आठवली.
'अ' दाबलं.

शाब्बास! बरोबर उत्तर.
पट्टी बासष्टवरून चौसष्टवर गेली,
पाचव्याचं कुलूप आपोआप गळून पडलं,
आत काय आहे ते मी लगेच उघडलं नाही.

एक वाजत आला होता. बॅटरी घेऊन मागं गेलो.
सेन्सरचा हिरवा दिवा जळत होता, ठीक.
दाराशी रिकाम्या बारदानावर
बंड्या पसरलेला, चारी पाय आभाळाला,
स्वप्नात कुणावर तरी गुरगुरत.

परत येऊन एकचं रीडिंग लिहिलं.
चार. चार पूर्णांक एक. टिचकी, साडेचार.
शेऱ्याचा रकाना रोज कोराच जातो.
आज त्यात लिहिलं,
कुत्रं जागेवर.